घंटागाडी, पालापाचोळा आणि आमच्या जमिनीचें खत

नाशिक शहरांत घंटागाडी हा शब्द लहान मुलांसही ठाऊक आहे. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत दारोदार फिरणारी ही गाडी सुरू झाली, आणि तिची घंटा ऐकून घरचीं माणसें कचऱ्याची टोपली घेऊन दाराशीं येतात हा रोजचा परिपाठ झाला. शहरचा हा परिपाठ शेतकऱ्यांच्या मासिकांत कशाला, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, त्या गाडींत जें पडतें त्यांतील निम्म्याच्या आसपास भाग कुजणारा असतो. कुजलेल्याचें खत होतें. आणि तें खत शेवटीं कोणाच्या तरी शेतांत पसरलें जातें. ज्याच्या शेतांत तें पडणार त्यानें गाडींत काय पडतें याची चौकशी न करणें म्हणजे बियाणें न पाहतां पेरणी करणें होय.

दुसरें कारण अधिक जवळचें आहे. मखमलाबाद, आडगांव, पाथर्डी यांसारखीं गांवें महानगरपालिकेच्या हद्दींत आहेत. परंतु हद्दीबाहेरच्या गांवांसही आतां शहरी वळण लागलें आहे. निफाड, दिंडोरी, सिन्नर या तालुक्यांतील मोठ्या गांवांत नव्या वसाहती झाल्या, बंगल्यांपुढें बागा झाल्या, आणि पूर्वी परसांतील उकिरड्यांत जें मुकाट्यानें जिरत असे तें आतां रस्त्याच्या कडेस दिसूं लागलें. २०२० सालीं स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण भागाचा दुसरा टप्पा सुरू झाला, त्यांत घनकचऱ्याची व्यवस्था हें काम ग्रामपंचायतींपुढें आलें. गाडी कोणी चालवावी, कशी चालवावी व तींतून निघालेल्या मालाचें काय करावें, हे प्रश्न आतां आमच्या चावडीवर येऊन बसले आहेत.

शहराचा मळ शेतास घालण्याची कल्पना नवी नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पुण्याच्या म्युनिसिपालिटीचें सोनखत आसपासचे ऊसमळेवाले पैसे मोजून नेत. पुढें इंदूर येथील संस्थेंत, १९२४ ते १९३१ या काळांत, आल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनीं काडीकचरा, शेण, गोमूत्रानें भिजलेली माती व राख यांचे थर देऊन, ठराविक दिवसांनीं ते उलथून, सुमारें तीन महिन्यांत खत करण्याची 'इंदूर पद्धत' बसविली. १९३१ सालीं दोघांच्या नांवानें तिचें पुस्तक निघालें. हॉवर्डसाहेबांचें नांव जगभर झालें. वाडांचें नांव आमच्याकडेही फारसें कोणी घेत नाहीं, हें बरें नव्हे. त्यानंतर यवतमाळ जिल्ह्यांतील पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांनीं विटांच्या जाळीदार टाकींत खत करण्याची रीत काढली. ती त्यांच्याच नांवाच्या आद्याक्षरांवरून 'नाडेप' म्हणून ओळखली जाते. म्हणजे कुजविण्याची विद्या आमच्याच मुलखांत सिद्ध झालेली आहे. अडतें तें त्या अगोदरच्या कामावर, म्हणजे वेगळें करून गोळा करण्यावर.

त्या कामाचे कायदे झाले आहेत. २००० सालच्या नियमांनीं तें ओझें नगरसंस्थांवर टाकलें. २०१६ च्या एप्रिलांतील नियमांनीं तें घराघरावर आणलें: ओला, सुका व घातक असे तीन वाटे घरींच करावे, बागेचा पालापाचोळा वेगळा ठेवावा, तो रस्त्यावर वा नाल्यांत टाकूं नये, जाळूं नये. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत राष्ट्रीय हरित लवादानें उघड्यावर कचरा जाळणारास पांच हजार, व मोठ्या प्रमाणावर जाळणारास पंचवीस हजार रुपये भरपाई ठरविली. इतकें असूनही फाल्गुनांत पहांटे फिरावयास निघालें कीं झाडलेल्या पानांचे ढीग धुमसतांना दिसतात. छाटणीच्या दिवसांत आमच्या बागांच्या बांधांवर तोच धूर असतो, तेव्हां शहरवाल्यांस नांवें ठेवण्याचा आम्हांस फारसा अधिकार नाहीं.

आतां मिसळलेल्या कचऱ्याचें काय होतें तें सांगतों, कारण सगळ्या योजनेचें मर्म येथें आहे. आमच्या ओळखीच्या एका द्राक्षबागाईतदारानें एका पुरवठादाराकडून शहरी कचऱ्याचें खत घेतलें. रंग काळा, वास बरा, भाव स्वस्त. पहिल्या मोठ्या पावसानंतर सरींतून ठिकठिकाणीं चकाकी दिसूं लागली. बाटल्यांचे बारीक तुकडे, दिव्यांच्या नळ्यांच्या कपच्या, आणि जिकडेतिकडे प्लास्टिकच्या चिंध्या. बागेंत काम करणाऱ्या दोन बायांचे पाय कापले; तिसरीनें त्या बागेंत येण्याचें नाकारलें, आणि तिचें कोणी चूक म्हणूं शकलें नाहीं. गोणींतलें खत परत करतां येतें, शेतांत पसरलेली काच परत करतां येत नाहीं. ती नातवाच्या काळींही तेथेंच राहील.

असें होण्याचें कारण लबाडी असेलच असें नाहीं. सरमिसळ कचऱ्याचा ढीग लावून, तो कुजल्यावर यंत्राच्या चाळणींतून काढला, तर चाळणी लहान व मोठें एवढेंच ओळखते. काच व माती हा भेद तिला कळत नाहीं. चार मिलिमीटरांहून बारीक झालेली काच खताबरोबर खालीं पडणारच. तीच गोष्ट घड्याळाच्या, खेळण्यांच्या व विजेरीच्या सेलांची. त्यांतील शिसें व कॅडमियम तर चाळणीनें पकडण्यासारखें नसतेंच. तेव्हां काच व सेल वेगळे होण्याची जागा एकच, ती घरचें स्वयंपाकघर. तेथें चुकलें तें पुढें कोट्यवधींच्या यंत्रानेंही पुरतें सुधारत नाहीं. नाशिकच्या महानगरपालिकेचा पाथर्डी शिवारांत मोठा खतप्रकल्प आहे, आणि २०१७ सालीं जर्मन सरकारच्या जी. आय. झेड्. या संस्थेच्या साहाय्यानें ओल्या कचऱ्यापासून व मैल्यापासून वीज करण्याचा प्रकल्पही उभा राहिला. परंतु या सर्वांस कच्चा माल म्हणून पाहिजे तो निवडलेला ओला कचरा.

शहरी खतासाठीं खत नियंत्रण आदेशांत मोजमापें घालून दिलेलीं आहेत, तीं प्रत्येक घेणारास तोंडपाठ असावीं. ओलावा शेंकडा १५ ते २५, सेंद्रिय कर्ब शेंकडा १२ हून कमी नको, नत्र निदान ०.८, स्फुरद व पालाश निदान ०.४, कर्ब व नत्र यांचें प्रमाण २० च्या आंत, आणि शेंकडा ९० माल चार मिलिमीटरच्या चाळणींतून गेला पाहिजे. शिसें किलोमागें १०० मिलिग्रॅमच्या वर व कॅडमियम ५ मिलिग्रॅमच्या वर असूं नये. पुरवठादाराकडे तपासणीचा दाखला मागण्यांत संकोच कसला? आम्ही सातबारा पाहिल्याशिवाय जमीन घेत नाहीं.

दाखला असो वा नसो, गाडी रिकामी करण्यापूर्वी पांच ठिकाणचा एकेक मूठ माल गोणपाटावर पसरावा व उन्हांत धरावा. काच असल्यास चमकते. एक मूठ बादलीभर पाण्यांत ढवळावी. प्लास्टिक वर तरंगतें. मूठभर खत घट्ट पिशवींत बांधून तीन दिवस ठेवावें. उघडतांच उग्र वास आला तर तें अजून कच्चें आहे. शेवटीं एका कुंडींत निम्मी माती व निम्में खत घालून मेथी टाकावी. आठवड्यांत ती नुसत्या मातींतल्याइतकी उगवली नाहीं, तर तें खत पिकास घालण्याजोगें झालें नाहीं असें समजावें. या सर्वांस खर्च शून्य.

हिशेबाची आणखी एक गोष्ट येथेंच सांगून टाकतों, कारण या बाबतींत फार अतिशयोक्ति कानांवर येते. टनभर शहरी खतांत शेंकडा ०.८ प्रमाणें ८ किलो नत्र येतें, म्हणजे सुमारें १७ किलो युरियाइतकें. नत्रासाठीं जो तें घेईल तो फसेल. घ्यावयाचें तें कर्बासाठीं. टनांत निदान १२० किलो कर्ब असतो, आणि आमच्या बहुतेक जमिनींत सेंद्रिय कर्ब शेंकडा अर्ध्याच्याही खालीं, म्हणजे 'कमी' या सदरांत मोडतो. एकरभर जमिनीचा वरचा वीतभर थर सुमारें नऊ लाख किलो भरतो. त्यांत कर्ब शेंकडा ०.१ नें वाढवावयाचा तर ९०० किलो कर्ब जमिनींत टिकून राहिला पाहिजे, आणि घातलेल्यापैकीं पुष्कळसा हवेंत उडून जातो. एका हंगामांत हें होणें नाहीं. दरसाल घालीत गेलें तर जमिनीचा पोत बदलतो, पाणी धरण्याची शक्ति वाढते, हें मात्र खरें.

आतां पालापाचोळा. आमच्या मतें गांवच्या योजनेंत सर्वांत मोलाचा व सर्वांत दुर्लक्षित माल हाच आहे. ओला कचरा एकटा ढिगांत घातला तर त्याचा चिखल होतो, पाणी सुटतें, माशा येतात, घाण सुटते, आणि शेजारी तक्रार घेऊन पंचायतींत जातात. अशा रीतीनें पुष्कळ चांगलीं कामें पहिल्याच पावसाळ्यांत बंद पडलीं आहेत. याचें कारण, भाजीपाल्याच्या उष्ट्याखरकट्यांत पाणी शेंकडा ७५ च्या आसपास असतें, व कर्ब-नत्राचें प्रमाण १५ ते २० असतें. ढीग नीट तापण्यास तें २५ ते ३० पाहिजे. वाळलेल्या पानांत पाणी नाममात्र, व कर्ब-नत्राचें प्रमाण ५०-६० किंवा त्याहून जास्त. एकाची उणीव दुसरें भरून काढतें. वजनानें तीन भाग ओला कचरा व एक भाग वाळलेलीं पानें घेतलीं असतां प्रमाण तिसाच्या जवळपास येतें, आणि ओलावाही शेंकडा साठाच्या आंत राहतो. काटा जवळ नसेल तर ओल्या कचऱ्याच्या एका घमेल्यास न दाबलेल्या पानांचीं सुमारें दोन घमेलीं घ्यावीं. मिश्रण मुठींत दाबून पाहावें. बोटें ओलीं व्हावीं, पण पाण्याची धार लागूं नये. असा ढीग तीन-चार दिवसांत ५५-६० अंशांपर्यंत तापतो, आणि त्या उष्णतेंत तणाचें बीं व रोगाचे जंतू पुष्कळसे मरतात.

अडचण इतकीच कीं, ओला कचरा बारा महिने येतो व पानें मुख्यतः माघ ते चैत्र या तीन महिन्यांत पडतात. समजा, गांवांत ३०० घरें आहेत, व दर घरीं रोज अर्धा किलो ओला कचरा धरला. रोजचा झाला १५० किलो, महिन्याचा साडेचार टन. त्यास महिन्याला दीड टन पानें लागतील, म्हणजे वर्षास अठरा टन. तीं त्या तीन महिन्यांतच गोळा करून कोरड्या जागीं सांठविलीं पाहिजेत. वैरणीची गंजी आपण रचतों तशीच पानांची रचावी, खालीं दगड द्यावे, वर पत्रा घालावा, आणि विडी ओढणारांस तिच्याजवळ फिरकूं देऊं नये. पावसाळ्यांत एक टोपली कोरडें पान हें सोन्याच्या मोलाचें असतें, हें ज्यानें एकदां ढीग सांभाळला आहे त्यासच कळेल.

पानांसाठीं रोज गाडी फिरविण्याचें कारण नाहीं. एरवीं पंधरवड्यांतून एकदां व पानगळींत आठवड्यांतून दोनदां, ठरल्या दिवशीं, ठरल्या आळींत जावें. पानें गोणींत भरून दारांत ठेवावीं व रिकाम्या गोण्या परत द्याव्या. प्लास्टिकच्या पिशव्या घेऊंच नयेत. आंबा, वड, पिंपळ यांचीं जाड पानें हळू कुजतात. तीं कडबाकुट्टीच्या यंत्रांतून काढलीं तर काम निम्म्या वेळांत होतें. फांद्या वेगळ्या ठेवाव्या. गाजरगवत फुलण्यापूर्वीच घ्यावें, फुललेलें नाकारावें. देवळांतील निर्माल्य उत्तम माल आहे, पण हारांचे दोरे, जरी व उदबत्तीचे पुडे काढल्याशिवाय तें ढिगांत जाऊं देऊं नये. पंचवटीच्या बाजूस हें काम रोजचेंच आहे.

द्राक्षांच्या काड्यांविषयीं थोडें सावध राहावें. एप्रिलच्या खरड छाटणींत व ऑक्टोबरच्या फळछाटणींत निघणारा माल मोठा, आणि तो जाळणें म्हणजे आपलाच कर्ब जाळणें. परंतु गळलेल्या पानांवर केवड्याचे बीजाणू तग धरून राहतात; म्हणून बागेचा पाला व काड्या कुट्टी करून, शेण व ओला कचरा मिसळून, चांगल्या तापलेल्या ढिगांतून काढाव्या, आणि तें खत प्रथम भाजीपाल्यास वा उसास घालावें. अर्धवट कुजलेलें त्याच बागेंत परत नेऊं नये.

ढीग उलथण्यास माणसें नसतील तर नाडेपची टाकी सोयीची. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भिंतींत हवेसाठीं भोंकें. तींत सुमारें दीड टन काडीकचरा, शेंभर किलोच्या आसपास शेण, पावणेदोन टन चाळलेली कोरडी माती व लागेल तसें पाणी, असे थर देऊन वरून शेणामातीनें लिंपावें. तीन ते चार महिन्यांत अडीच-तीन टन खत मिळतें. टाकी बांधण्यास खर्च एकदांच येतो; चार टाक्या असल्या कीं एक भरती, एक कुजती, एक काढती असें चक्र चालूं राहतें व चौथी अडीअडचणीस उपयोगी पडते.

गाडी चालविण्याचें काम मात्र खताहून कठीण आहे, कारण त्यांत माणसें आहेत. पुण्यांत कचरावेंचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था २००७ सालीं स्थापन झाली. तिचे सभासद, ज्यांत बायांचा भरणा मोठा आहे, घरोघर जाऊन कचरा घेतात, घरांकडून महिन्याची ठरलेली रक्कम घेतात, व सुका माल निवडून विकतात. जी व्यक्ति कचरा घेते तीच निवडते व तिच्याच पदरांत विक्रीचे पैसे पडतात, म्हणून निवड चोख होते. ठेकेदारास जेथें कचऱ्याच्या वजनावर पैसे मिळतात, तेथें माती व दगडही गाडींत चढतात, हें कोणाही व्यवहारी माणसाच्या ध्यानांत येईल. वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेनें २०१५ नंतर, रामदास कोकरे मुख्याधिकारी असतांना, सुका कचरा वीसांहून अधिक प्रकारांत निवडून विकण्यापर्यंत मजल नेली व कचरा डेपोची जागा लोकांनीं मुद्दाम पाहावयास यावें अशी केली. गांव लहान असलें म्हणजे हें होत नाहीं, ही सबब वेंगुर्ल्यानें ठेविली नाहीं.

आमच्या गांवांपुरतें बोलावयाचें तर घंटा रोज त्याच वेळीं झाली पाहिजे. वेळ चुकली कीं टोपली रस्त्यावर जाते, व एकदां रस्त्यावर गेलेली टोपली पुन्हां दारांत आणणें महा कर्मकठीण. ओला कचरा रोज, सुका आठवड्यांतून दोनदां, काच, सेल व दिवे महिन्यांतून एकदां. मिसळलेली टोपली गाडीवाल्यानें नम्रपणें परत करावी, आणि ती सरपंचाच्या घरची असली तरी परत करावी. किंबहुना पहिली टोपली तेथलीच परत झाली तर बाकीचीं घरें आपोआप सुधारतात. गाडीवर एक वही असावी. आळीवार घरांची यादी, तारखेचा रकाना, व तीनच खुणा: निवडलेला, मिसळलेला, दिला नाहीं. महिन्याच्या शेवटीं तो उतारा चावडीवर लावावा. दंडाहून त्याचा परिणाम अधिक होतो. काम करणारांस हातमोजे, पायांत बूट व धनुर्वाताची सुई हीं पहिल्या दिवशींच द्यावीं, मागाहून नव्हे. आणि पगार वेळेवर. घरपट्टीच्या वसुलीवर तो टांगून ठेवला तर तिसऱ्या महिन्यांत गाडी उभी राहील.

आपल्या शेतांतला सुका कचराही याच ठिकाणीं आठवावा. फाटलेलें मल्चिंगचें कागद, ठिबकच्या जुन्या नळ्या, खतांच्या गोण्या, क्रेटचे तुकडे, हा माल बांधावर पडून असतो किंवा जाळला जातो. नळ्या व क्रेट भंगारवाला आनंदानें नेतो. मातीनें माखलेलें मल्चिंग तो घेत नाहीं, तें झटकून, वाळवून, गुंडाळी करून दिल्यास घेणारा सांपडतो. औषधांच्या बाटल्या मात्र गांवच्या गाडींत कदापि टाकूं नयेत. त्या तीन वेळां खळबळून, तें पाणी फवाऱ्याच्या टाकींतच घालून, बाटली पुन्हां वापरतां येणार नाहीं अशी फोडावी. १९७१ च्या कीटकनाशक नियमांतही रिकामीं पात्रें फोडून वस्तीपासून दूर पुरण्यास सांगितलें आहे. त्या बाटलींत कोणी गोडें तेल भरावें अशी वेळ येऊं नये.

वरच्या ३०० घरांच्या गांवांत वर्षास सुमारें चोवीस टन खत होईल, म्हणजे एकरीं चार टनांप्रमाणें सहा एकरांस पुरेल. मोठें उत्पन्न नव्हे. म्हणून आमची सूचना अशी कीं, ग्रामपंचायतीनें गाडी चालवावी व विकास सोसायटीनें किंवा शेतकऱ्यांच्या गटानें खताचें काम अंगावर घ्यावें, आणि उभयतांत लेखी करार व्हावा. पंचायतीनें ओला कचरा व पानें वेगळीं आणून द्यावीं. गटानें तीं तोलून घ्यावीं. टोपलींत काच वा सेल आढळल्यास ती खेप परत करण्याचा गटास हक्क असावा, व त्या खेपेची मजुरी पंचायतीच्या नांवें पडावी. खत प्रथम गटाच्या सभासदांस आळीपाळीनें, लिलावानें नव्हे. वर्षांतून एकदां नमुना प्रयोगशाळेंत जावा, त्याचा खर्च दोघांनीं निम्मा सोसावा, व निकाल वहींत चिकटवून ठेवावा. पानांच्या गंजीची जागा व पत्रा संक्रांतीपूर्वी तयार पाहिजे, कारण त्यानंतर महिन्याभरांत पानगळ लागते.